खऱ्या दाव्यांचीही तपासणी हवी

प्रश्न : नववीला पर्यावरण शिकवते. ‘खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात’ यावर चार तासिका घेतल्या. आता मुलं हिमनद्या वितळताहेत हेही मानत नाहीत. ‘मॅडम, हेपण फेकच असेल’ म्हणतात. माझं कुठे चुकलं?

उत्तर : बहुधा उदाहरणं निवडताना. वर्गात दाखवलेला प्रत्येक दावा शेवटी खोटाच निघत असेल, तर मुलं चटकन हिशेब मांडतात : समोर येईल त्याला खोटं म्हणायचं, उत्तर बरोबर येतं. शंका घ्यायला ती शिकली, पण विश्वास कशावर ठेवायचा हे राहूनच गेलं. आणि तेच जास्त अवघड असतं.

पुढच्या वेळी आठ दावे घ्या. तीन खरे, तीन खोटे, दोन अर्धे. खरे दावे मुद्दाम पटायला जड असे निवडा. ‘ओझोनचा थर हळूहळू सावरतो आहे’ हे ऐकून निम्मा वर्ग हसेल, पण ते खरं आहे. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला मारक रसायनं टप्प्याटप्प्याने बंद झाली. खोट्यांमध्ये ‘ॲमेझॉनचं जंगल जगाला २० टक्के ऑक्सिजन पुरवतं’ हा घ्या. २०१९च्या वणव्यांच्या वेळी तो फार फिरला. जंगल ऑक्सिजन तयार करतं, पण तिथलीच झाडं आणि कुजवणारे जीव जवळजवळ तेवढाच वापरून टाकतात, त्यामुळे शिल्लक शून्याच्या आसपास राहते. जंगलाच्या बाजूने बोलणारा दावाही चुकीचा असू शकतो, हे मुलांना दिसायलाच हवं. नाहीतर ‘आपल्या बाजूचं ते खरं’ अशी सवय लागते. अर्ध्या दाव्यासाठी ‘हवामान पूर्वीही बदलत होतं’ उत्तम. वाक्य खरं आहे, पण ‘म्हणून आताचा बदल माणसामुळे नाही’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

जोड्या करा, दर दाव्याला सहा मिनिटं द्या. पहिली दोन मिनिटं मूळ पान वाचायचंच नाही. नव्या टॅबमध्ये फक्त एवढंच शोधायचं : हे म्हणणारा कोण, आणि त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात? याला आडवं वाचन म्हणू. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना संकेतस्थळं पारखायला दिली. तपासनीस पानावर रेंगाळलेच नाहीत, लगेच बाहेर पडले आणि कमी वेळात अचूक निष्कर्षाला पोचले. विद्वान मंडळी मात्र देखण्या मांडणीला आणि बोधचिन्हाला भुलली. म्हणूनच ‘शुद्धलेखन बघा, तारीख बघा, ‘आमच्याविषयी’ वाचा’ ही जुनी यादी कुचकामी ठरते. चांगला बनावट मजकूर त्या सगळ्या कसोट्यांवर पास होतो.

तपासणीआधी आणि नंतर प्रत्येकाने ० ते १० मध्ये खात्री लिहायची आणि शेजारी कारण. गुण आकड्याला नाहीत, कारणाला. सुरुवातीलाही ८ आणि शेवटीही ८, पण दोन स्वतंत्र आधार दिले असतील, तर पूर्ण गुण द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकाच अहवालावरून उचललेल्या पाच बातम्या पाच आधार म्हणून मोजणं. ‘हे पहिल्यांदा कोणी म्हटलं?’ विचारत राहा.

इंटरनेट नसेल तर दर दाव्याचे चार कागद छापा : मूळ संदेश, तो देणाऱ्याची माहिती, मूळ अहवालातला तक्ता आणि तिसऱ्याच कोणाचं मत.

प्रश्न : कापडी पिशव्यांचा उपक्रम चालू असताना एका मुलाने विचारलं, ‘सर, कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी ना?’ मी निरुत्तर झालो.

उत्तर : आकडा खरा आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१८च्या अहवालातला. मुलाला शाबासकी द्या आणि पुढची तासिका त्यावरच घ्या.

तीन प्रश्न फळ्यावर लिहा. काय मोजलं? कशाशी तुलना केली? काय बाहेर राहिलं? त्याच अहवालात फक्त हवामानबदल पाहिला, तर साध्या सुती पिशवीसाठी आकडा ५२ येतो. ७,१०० हा सर्व निकषांमधल्या सर्वात वाईट निकषाचा, ओझोन-ऱ्हासाचा आकडा आहे. तुलना आहे ती आधी सामान आणि मग कचरा भरायला वापरलेल्या प्लास्टिक पिशवीशी. उघड्यावर फेकलेल्या पिशव्यांचा परिणाम तिथे नगण्य मानून हिशेबातच घेतलेला नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली वेगळी पिशवी आणि वेगळी गृहीतकं घेतली, तर आकडा आला १३१.

आता गणित करू द्या. आठवड्यातून दोनदा वापर धरला, तर ५२ वेळांना २६ आठवडे, १३१ला सव्वा वर्ष आणि ७,१००ला ६८ वर्षं. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं! मग प्रामाणिकपणे एक कबूलही करा : मुलाच्या बोलण्यात तथ्य आहे. दोनदा वापरून कपाटात पडलेली सुती पिशवी पर्यावरणाच्या काही कामाची नाही. उपक्रमात नव्या पिशव्या वाटत असाल, तर थांबवा. घरातल्या जुन्या आणायला सांगा.

प्रश्न : प्लास्टिकवरचं बाणांचं त्रिकोणी चिन्ह म्हणजे ती वस्तू पुनर्वापर होणारी, असं आमच्या तक्त्यावर आहे. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आतला १ ते ७ हा आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो, बस. ती पद्धत १९८८ साली उद्योगाने आणली. ती वस्तू प्रत्यक्षात गोळा होऊन पुन्हा वापरात येते का, हे त्यावरून कळत नाही. तक्ता बदला.

प्रश्न : खोटा दावा फळ्यावर लिहिला, तर तोच मुलांच्या डोक्यात बसणार नाही का?

उत्तर : ही भीती पूर्वी जास्त होती; नंतरच्या अभ्यासांत तसं क्वचितच दिसलं. तरी क्रम पाळा : आधी खरी गोष्ट, मग खोटा दावा एकदाच, त्यातली युक्ती, आणि पुन्हा खरी गोष्ट. युक्ती न सांगता नुसतं ‘चूक’ म्हटलं, तर पुढचा दावा मुलांना तितकाच नवा वाटतो.

त्याहून बरं म्हणजे युक्ती मुलांनाच करायला लावा. १९७० ते २०२० चं जागतिक तापमान द्या आणि सांगा, ‘तापमानवाढ थांबली’ असं दाखवणारा आलेख काढा. हुशार गट १९९८ ते २०१२ एवढाच तुकडा घेईल, कारण १९९८ हे तीव्र एल निनोमुळे अतिउष्ण वर्ष होतं. तिथून सुरुवात केली की पुढची चढण सपाट भासते. मग पूर्ण आलेख शेजारी लावा. सोयीचे आकडे वेचणं म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही. मात्र सुरुवातीलाच प्रत्येक कागदावर आडवं, मोठ्या अक्षरांत ‘बनावट’ लिहून घ्या आणि तास संपताना सगळे कागद गोळा करा. नाहीतर त्याच आलेखाचा फोटो संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सापडेल.