काका गेले, हे कौन्सिलला कधी सांगायचं?

पश्चिम लंडनमध्ये वयस्कर मराठी, गुजराती आणि हिंदी भाषकांना घरभाडं, पेन्शन आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कागदपत्रांत मदत करण्याचं काम मी करते. समोर बसलेलं माणूस सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारतं, तोही आवाज खाली आणून: "ताई, घरात थोडा बदल झालाय. कौन्सिलला सांगितलं तर भाड्याची मदत बंद होईल का?"

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. लग्न होऊन इथे आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. काकांची नोकरी कारखान्यात, पुढे विमानतळावर. राहायला हाउसिंग असोसिएशनचा, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेचा, दोन खोल्यांचा फ्लॅट आणि भाड्यासाठी कौन्सिलकडून काकूंच्या नावावर हाउसिंग बेनिफिट. जानेवारीत काका गेले. फेब्रुवारीत मुलगा आईजवळ राहायला आला. घटस्फोट झालेला, पूर्ण वेळ नोकरी करणारा.

काकूंनी पिशवीतून निळा बिस्किटांचा डबा काढला. आपल्याकडे प्रत्येक घरात असतो तोच, ज्यात बिस्किटं कधीच नसतात. या डब्यात सुई-दोऱ्याऐवजी पाकिटं होती. अकरा पाकिटं, त्यातली आठ न फोडलेली. "इंग्रजी वाचता येतं गं मला," त्या म्हणाल्या. "पण वरती यांचं नाव दिसलं की हात थरथरतो. आणि माझ्या नावाचं असलं की वाटतं, घर सोडा म्हणून आलं असेल."

पाकिटं आम्ही तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. चित्र असं होतं. काका गेल्यावर मुलाने पेन्शन खात्याला फोन केला होता. सरकारला कळलं, आता सगळीकडे कळेल, असा त्याचा समज. इथे मृत्यूची नोंद करताना रजिस्ट्रार 'टेल अस वन्स' या सोयीचा क्रमांक देतो. तो वापरला की बरीच खाती आणि कौन्सिल यांना एकाच वेळी कळवता येतं. तो कागद डब्यात तसाच पडून होता. काकूंची पेन्शन काकांच्या हिशेबाने बदलली, पण कौन्सिलच्या खात्यात अजून नवराबायको दोघंही राहत होते. घरात कोण कोण आहे ते कळवा, असं कौन्सिलने मेमध्ये विचारलं. जूनमध्ये पुन्हा विचारलं. जुलैच्या पत्रात लिहिलं होतं की उत्तर न आल्यामुळे पैसे तात्पुरते थांबवले आहेत. त्याच आठवड्यात हाउसिंग असोसिएशनचा भाडं थकल्याचा मेसेज फोनवर आला, तेव्हा कुठे काकू घराबाहेर पडल्या.

म्हणजे ज्या भीतीने त्या गप्प बसल्या होत्या, तीच गोष्ट गप्प बसल्यामुळे घडली. आणि खरा हिशेब मांडला तेव्हा उलटंच निघालं.

दोघांचं उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या वर होतं. हाउसिंग बेनिफिटमध्ये त्या पातळीवरच्या प्रत्येक पौंडामागे ६५ पेन्स कापले जातात, त्यामुळे भाड्याचा थोडा भाग ते दोघं खिशातून भरत. काकांची कंपनीची पेन्शन त्यांच्याबरोबर संपली. काकूंच्या हातात आता आठवड्याला साधारण २१२ पौंड येत होते. पेन्शन क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या वयस्करांना सरकारकडून मिळणारी जोड, आणि त्यातलं गॅरंटी क्रेडिट उत्पन्न ठरलेल्या किमान पातळीपर्यंत भरून देतं. एकट्या माणसासाठी या गॅरंटी क्रेडिटची पातळी २०२५-२६ मध्ये आठवड्याला २२७ पौंड १० पेन्स होती. म्हणजे काकूंना आठवड्याला सुमारे १५ पौंड पेन्शन क्रेडिट मिळायला हवं होतं. शिवाय गॅरंटी क्रेडिट मिळालं की हाउसिंग बेनिफिट पूर्ण भाड्याइतकं धरतात. त्या कमी होण्याच्या भीतीत होत्या, आणि हक्क वाढलेला होता.

इथला एक नियम प्रत्येकाने नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. बदल एका महिन्याच्या आत कळवायचा असतो. तुमच्या फायद्याचा बदल वेळेत कळवला तर तो घडला तेव्हापासून धरतात. उशीर केला तर कळवलं तेव्हापासून. तोट्याचा बदल मात्र कितीही उशिरा कळवा, तो मागच्या तारखेपासूनच लागतो आणि जास्तीचे पैसे परत मागतात. उशिराने दोन्हीकडून नुकसान तुमचंच. उशिराला खरंच सबळ कारण असेल तर तेरा महिन्यांच्या आत ते लिहून मुदत वाढवून मागता येते.

त्याच दुपारी आम्ही कौन्सिलला लिहिलं. काका कोणत्या तारखेला गेले, मुलगा कधी आला, पेन्शन किती, बँकेत किती. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत, मुलाच्या पगाराच्या स्लिप आणि उशीर का झाला हे काकूंच्याच शब्दांत. मी मुद्दाम सुधारलं नाही. "पाकीट उघडायचं धैर्य झालं नाही" हेच वाक्य इंग्रजीत गेलं. पेन्शन क्रेडिटचा अर्ज वेगळा केला, कारण ते खातं वेगळं. एकाला सांगितलं म्हणून दुसऱ्याला कळलं असं कधीच धरून चालू नका.

पेन्शन क्रेडिट मागच्या तीन महिन्यांपर्यंतच मिळतं, त्यामुळे जानेवारी ते एप्रिलचे पैसे गेले ते गेलेच. हाउसिंग बेनिफिटसाठी दिलेलं कारण मात्र कौन्सिलने मान्य केलं. थांबवलेले पैसे सुटले आणि थकबाकी भरली गेली.

मग काकूंनी मुलाचा विषय काढला. "तो आलाय हे लपवायचं ना?" अजिबात नाही. अर्जदाराच्या जोडीदाराखेरीज घरात राहणाऱ्या दुसऱ्या प्रौढ माणसासाठी हाउसिंग बेनिफिटमधून कपात होते, ती त्याच्या पगारावर ठरते. पण अर्जदार पेन्शनच्या वयाचा असेल तर अशी कपात माणूस राहायला आल्यावर २६ आठवड्यांनी लागते. म्हणजे ऑगस्टपर्यंत काहीच कापलं जाणार नव्हतं. पगाराचा पुरावा दिला नाही तर कौन्सिल सगळ्यात मोठी कपात लावू शकतं, म्हणून स्लिपा लगेच दिल्या. मुलाला मी समोर बसवून सांगितलं की कपात लागली की तेवढी रक्कम आईला त्याने द्यायची. तो ओशाळला. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसरी गाठ गावच्या घराची. संगमेश्वरकडे काकांचं वडिलोपार्जित घर आणि थोडी जमीन, सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं. "तिथे दीर राहतात, आम्हाला त्यातून दमडी मिळत नाही," काकू म्हणाल्या. मिळत नसलं तरी ती मालमत्ता आहे आणि परदेशातली असली तरी सांगावी लागते. पेन्शनच्या वयात पहिले १०,००० पौंड धरत नाहीत. त्यापुढच्या प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न समजतात. १६,००० च्या वर गेलं की गॅरंटी क्रेडिट नसणाऱ्यांना हाउसिंग बेनिफिट मिळतच नाही. आम्ही दिरांकडून अंदाज मागवला. एकूण किंमत अठरा लाख रुपये, काकांचा तिसरा हिस्सा सहा लाख, त्यात काकू आणि मुलगा असे दोन वारस. काकूंच्या वाट्याला तीन लाख, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच हजार पौंडांच्या आसपास. त्यातून विक्रीच्या खर्चापोटी दहा टक्के वजा. बँकेतली शिल्लक मिळवूनही बेरीज १०,००० च्या खूप खाली. सहा महिने ज्या घराच्या धास्तीने झोप उडाली होती, त्याने हिशेबात एका पैशाचाही फरक पडला नाही. अर्थात पुण्या-मुंबईत स्वतःच्या नावावर फ्लॅट असेल तर गणित फार वेगळं होतं, आणि तो लपवून घेतलेली मदत फसवणूक ठरते. अशा माणसाला मी आधी तो कागद टेबलावर ठेवायला सांगते.

काकूंना जानेवारीत वर्षश्राद्धाला जाऊन होळीपर्यंत राहायचं होतं. इथे मला त्यांना नाही म्हणावं लागलं. जुलै २०१६ पासून ग्रेट ब्रिटनच्या बाहेर जास्तीत जास्त चार आठवडेच हाउसिंग बेनिफिट चालू राहतं. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे अडकलात तर आणखी चार, उपचारांसाठी २६ आठवड्यांपर्यंत. जाताना बेत चार आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर हक्क पहिल्या दिवसापासूनच संपतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नातीच्या लग्नाला अकरा आठवडे नाशिकला राहून आलेले एक आजोबा आठवतात. त्यांना सात नव्हे, अकराच्या अकरा आठवड्यांचं भाडं परत करावं लागलं. आम्हाला एवढंच करता आलं की हप्ता लहान करून घेतला.

जास्तीचे पैसे परत करा असं पत्र आलं तरी ते अंतिम समजू नका. एका महिन्याच्या आत फेरविचार किंवा अपील मागता येतं. वेळेत कळवलं असतं तर जेवढं बेनिफिट मिळालं असतं, तेवढं त्या रकमेतून वजा करणं कौन्सिलला बंधनकारक आहे. पुष्कळदा ते वजा केलेलं नसतं, म्हणून विचारा. आजोबांना मात्र त्याचा उपयोग नव्हता, कारण त्या आठवड्यांत त्यांचा हक्कच नव्हता.

हे सगळं पेन्शनच्या वयाच्या लोकांचं. त्याखालच्या बहुतेकांना आता भाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित सरकारी मदतीतून मिळते आणि बदल तिच्या ऑनलाइन जर्नलमध्ये नोंदवायचा असतो. व्हिसावर सरकारी मदत घेण्यास मनाई असेल, तर अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या जाणकाराला भेटा.

काकूंनी शेवटी सव्वीस दिवसांचं तिकीट काढलं आणि जाण्या-येण्याच्या तारखा दोन्ही खात्यांना आधी लिहून दिल्या. त्या दिवशी सही करताना त्यांची बोटं पेनाभोवती नीट वळत नव्हती. विचारलं तेव्हा कळलं की दोन वर्षांपासून ब्लाउजची बटणं काका लावून देत होते, आता शेजारीण लावते. म्हणून अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागणाऱ्या वयस्करांच्या भत्त्याचा, फॉर्म मागवला. तो मंजूर झाला तर मुलाची कपात लागणारच नाही. फॉर्मात बटणांची गोष्ट लिहायला काकू तयार नव्हत्या. "हे काय सरकारला सांगायचं?" त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून ती लिहिली.