आजी नारळ ‘वाढवते’

तुझी कथा वाचली. ‘आजीने देवापुढे नारळ फोडला’ हे वाक्य चूक नाही, पण आजी तसं बोलणार नाही. ती नारळ ‘वाढवते’. बांगडी फुटली तर ‘वाढवली’, मंगळसूत्र तुटलं तर ‘वाढलं’ म्हणते. शब्दशः अर्थ मोठं होणं; आत मात्र अशुभाची धास्ती आणि घराची काळजी आहे. निघताना ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणतात, तेही त्याच काळजीपोटी. वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, कोशात सापडेल; व्यंग्यार्थासाठी, म्हणजे आडून सुचवलेल्या अर्थासाठी, माणसांचं बोलणं ऐकावं लागतं. शब्द निवडताना विचार कर: कोण बोलतंय, कुणाशी, कोणत्या प्रसंगी? चटणीसाठी नारळ फोडतातच. तिथे ‘वाढवला’ लिहू नकोस.