ओपीडी सोडू नकोस

प्रिय डॉक्टर,

पीएचडी करायची तर ओपीडी बंद करावी का, हे तू मला विचारतेस म्हणजे कमालच झाली. घरचे म्हणतात नाशिकला परत ये, कॉलेज रोडला दवाखाना टाक. गाइडसर म्हणतात पेशंट बघत बसलीस तर थीसिस व्हायचा नाही. दोघांचंही ऐकू नकोस. आठवड्यातून एकच दिवस, पण ओपीडी कर आणि तो दिवस कुणालाही देऊ नकोस.

टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची शिपाई पेशी, जागी कशी होते हा तुझा विषय. तिला जागं करणाऱ्या झॅप-70 या एन्झाइमवर तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं असशील, तर हे आठव. ते एन्झाइम नसलेल्या मुलांची नोंद 1994 साली झाली. त्यांच्या रक्तात सीडी8, म्हणजे मारेकरी टी पेशी, जवळपास नव्हत्याच; सीडी4, म्हणजे मदतनीस टी पेशी, होत्या, पण स्वतःवरच्या रिसेप्टरच्या हाकेला ओ देत नव्हत्या. पुढच्या वर्षी तोच जीन बंद केलेले उंदीर आले, तर त्यांच्यात दोन्ही गायब! छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशी घडताना माणसाचं आणि उंदराचं गणित वेगळं पडतं, ते या आजारी मुलांमुळे कळलं. ती आधी कुणाच्या तरी ओपीडीतच आली होती ना? म्हणून सांगते, सोडू नकोस.

आणि नुसते नंबर संपवू नकोस. चार-पाच महिन्यांचं बाळ, खोकला हटत नाही, तोंडात पांढरे चट्टे, डाव्या दंडावर बीसीजीची जागा चिघळलेली, काखेत गाठ. सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, 10 टक्के छापून येतात आणि सगळे पान उलटतात. अगं, गुणाकार करा की! एकूण पांढऱ्या पेशी 8,000, म्हणजे लिम्फोसाइट फक्त 800. या वयात 3,000च्या खाली आकडा दिसला की बाळाला जन्मतःच प्रतिकारशक्ती नाही की काय, या शंकेने झोप उडायला हवी. एक्स-रेत थायमसची सावली आहे का बघ, जिवंत लशी थांबव. फ्लो सायटोमेट्रीची, म्हणजे पेशींचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीची, जांभळ्या बुचाची रक्ताची ट्यूब बर्फात घालायची नाही. कितीदा सांगा, लोक घालतातच. आम्ही नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने माणूस मुंबईला धाडायचो, ट्यूब त्याच्या शर्टाच्या खिशात.

माझे पेपर मोजकेच आहेत, हे तुला गाइडसरांनी ऐकवलं असेलच. बरोबरीचे परदेशी लॅबमध्ये गेले. मलाही जायचं होतं, अजून सलतं ते, खोटं कशाला बोलू? पण ‘धड डॉक्टर नाही, धड शास्त्रज्ञ नाही’ म्हणणाऱ्यांनीच पुढे माझ्याकडे सॅम्पल मागितली. दिली मी. मूल कसं आहे, हे मात्र त्यातल्या एकानेही विचारलं नाही.

तेव्हा सरांना स्पष्ट सांग, बुधवारी मी लॅबमध्ये नसेन. नाहीच ऐकलं तर गाइड बदल. मी फोन करू का त्यांना? नको, मी बोलले की बिघडतं. तूच बोल, आणि या आठवड्यातच बोल.

तुझी,
मॅडम