'वारा', तीन घरे: पवन, अनिल की समीर?

प्रश्न असा: शब्दकोड्यात 'वारा' एवढाच संकेत आहे आणि घरे तीन. पवन, अनिल, समीर तिन्ही बसतात, मग लिहायचे काय? आणि 'गोल फिरणारा वारा' या संकेताला चार घरे असतील तर वावटळ की चक्रवात?

पहिल्याचे उत्तर नुसत्या संकेतावरून निघत नाही, तेव्हा डोके खाजवण्यात वेळ घालवू नये. अमरकोशात वाऱ्याची वीस नावे आहेत. त्यांपैकी अनिल, आशुग, समीर, मारुत, मरुत आणि पवन ही कोड्यात तीन घरांची. (श्वसन आणि स्पर्शन हीसुद्धा त्याच यादीतली, पण मराठीत त्या अर्थाने ती कुणी वापरत नाही.) यांतली पहिली अक्षरे पाहा: अ, आ, स, मा, म, प. सगळी वेगळी. म्हणजे पहिल्या घरातून जाणारा उभा शब्द आधी सोडवला की निकाल लागतो. मधल्या घराचा तितका भरवसा नाही, कारण मरुत आणि मारुत दोन्हींत तिथे 'रु'च येतो.

अनिल लिहिताना 'नि' ह्रस्व. अकारान्त शब्दातले उपान्त्य अक्षर दीर्घ, हा नियम तत्सम शब्दांना लागू नाही. झुळूक मात्र त्या नियमाने दीर्घच. अनिलचा 'नि' चुकून 'न' झाला तर शब्द होतो अनल, म्हणजे अग्नी. आडवा शब्द बरोबर दिसतो आणि उभा अडतो तो इथेच.

आता गोल फिरणारा वारा. वावटळ तापलेल्या कोरड्या जमिनीवर उठते, धूळ-पाचोळा वर खेचते आणि बहुधा काही मिनिटांत विरते. तिला पाऊस लागत नाही. चक्रवात हा कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरणारा, शेकडो किलोमीटर पसरलेला प्रकार. उत्तर गोलार्धात तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, दक्षिण गोलार्धात काट्यांप्रमाणे. संकेतात धूळ, माळ, उन्हाळा असेल तर वावटळ. समुद्र किंवा कमी दाब असेल तर चक्रवात. भारतीय हवामान खात्याच्या मोजपट्टीत वेग ताशी 62 किलोमीटरला पोचल्यावर 'चक्रीवादळ' हे नाव मिळते, पण त्या शब्दाला पाच घरे लागतात.

खरा घोळ वावटळीचा नाहीच, झंझावाताचा आहे. चक्रवात आणि झंझावात दोन्ही चार घरांचे आणि दोन्हींची शेवटची दोन घरे 'वा', 'त'. शेवटाकडून भरत येणारा हमखास इथे फसतो. झंझावात गोल फिरत नाही. संस्कृतात तो पावसासह येणारा जोराचा वारा. मराठीने पाऊस गाळला आणि जोर तेवढा ठेवला, म्हणूनच दौरा झंझावाती होतो. प्रभंजनही चार घरांचे ('प्र' एकाच घरात), अर्थ मोडतोड करणारा वारा. 'झाडे उन्मळून टाकणारा' असा संकेत असेल तर मी आधी प्रभंजन लावून पाहीन.

वात या दोन घरांच्या शब्दाला लिंग पाहावे. तो वात म्हणजे वारा किंवा शरीरातला दोष, ती वात समईतली. त्याच्यापासून झालेले वातायन म्हणजे खिडकी आणि वातकुक्कुट म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा. निवात आणि निर्वात दोन्ही तीन घरांचे, कारण 'र्वा' एकच घर घेतो. निवात म्हणजे जिथे वारा नाही असे. निर्वात आजच्या मराठीत जिथे हवाच नाही असे. 'शरीरातील पाच वायूंपैकी एक' हा संकेतही त्रास देतो: प्राण आणि व्यान दोन घरांचे, अपान, उदान, समान तीन घरांचे आणि 'ण'ने संपणारा प्राण सोडला तर बाकी चारही 'न'ने संपणारे, त्यामुळे तीन घरांत शेवटचे घर भरून काहीच कळत नाही.

भूगोलाच्या संकेतांत दिशा नीट वाचा. वाऱ्याला नाव मिळते तो येतो तिकडून; पश्चिमी वारे पश्चिमेकडून येतात. मतलई वारे रात्री जमिनीवरून समुद्राकडे, खारे वारे दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, कारण जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते. फॉन आल्प्सचा, चिनूक रॉकी पर्वताचा. दोन्ही उतारावरून खाली येतात आणि खाली येताना हवा दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सियसने तापते, म्हणून ते उबदार असतात. बोरा, मिस्ट्रल हे थंड.

आणि संकेतात 'वारा पडला' असे असेल तर तो सुटला असे समजू नका. पाऊस पडतो तेव्हा सुरू होतो, वारा पडतो तेव्हा थांबतो.