फराळाचे डबे

प्रिय बाळास, अनेक आशीर्वाद.

"यंदा दिवाळीला येतोय, पण मावशी, फराळाला हात लावणार नाही," हा तुझा मेसेज तुझ्या आईनं मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. पहिल्या दिवशी काकडी खात बसशीलही. दुसऱ्या रात्री साडेअकराला दिवा न लावता स्वयंपाकघरात शिरशील आणि चकलीच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडशील. अंधारात खाल्लेल्या चकल्या कोण मोजतो?

मी इतकी वर्षं दवाखान्यात लोकांना आहाराचे तक्ते लिहून दिले. अशीच एक दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नापर्यंत माझंच वजन अडीच किलो वाढलं. कुणाला सांगायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी फ्रीजवर एक वही ठेवली आणि तोंडात गेलेला घास न् घास लिहिला. लक्ष्मीपूजनाचं जेवण, पाडव्याचं श्रीखंड, भाऊबीजेचं ताट सगळं लिहिलं, पण पानं भरली ती भलत्याच गोष्टींनी. कणीक मळताना चार शंकरपाळी. पाहुण्यांना सोबत म्हणून मूठभर चिवडा. पाहुणे गेल्यावर बशीत उरलेला अर्धा लाडू, कारण टाकायचा कसा? उभ्यानं खाल्लेलं ताटातल्यापेक्षा जास्त निघालं.

शंकरपाळं दिसतं नखाएवढं. पण त्यात मैदा आहे, साखर आहे, तुपाचं मोहन आहे आणि वर ते तळलेलं. साखरेच्या किंवा पिठाच्या एका ग्रॅममधून 4 कॅलरी मिळतात, तेला-तुपाच्या एका ग्रॅममधून 9. म्हणून तळणीतलं मूठभर खाऊनही पोटाला काही गेल्यासारखं वाटत नाही आणि हिशेब मात्र जेवणाएवढा होतो. तेव्हा माझं एवढंच ऐक. डब्यात हात घालायचा नाही. बशी घ्यायची, त्यात काढायचं, डबा बंद करून फळीवर ठेवायचा आणि मग बसून, चव घेत खायचं. आईनं केलेलं सगळं खा. सोनपापडीचा खोका तेवढा उघडू नकोस, तो बिचारा दर दिवाळीत चार घरं फिरतो, त्याला पुढे जाऊ दे.

आता सराफा, आपला रात्रीचा खाऊबाजार. तुझे मित्र नेणारच, आणि इंदूरला येऊन सराफ्यात जाऊ नकोस असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण दिवसभर उपाशी राहून जाऊ नकोस. मी हे केलंय. दुपारचं जेवण वाचवलं आणि सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडून ओट्यांपुढे ठेले लागले तशी तुटून पडले. कचोरी, तळलेल्या कंदाचे गराडू, भल्यामोठ्या जिलबीसारखा जलेबा, मग शिकंजी. (बाहेरगावचे लोक शिकंजी म्हणजे लिंबूपाणी समजतात. आपली दाट दुधाची असते, ते एक जेवणच.) रात्री तीनला छातीत जळजळ आणि उशीला उशी लावून बसलेली मी. संध्याकाळी सातला वाटीभर मुगाची खिचडी आणि ताक घेऊन जा. भूक शांत असली की माणूस चवीनं खातो. आधी भुट्ट्याचा कीस, मग गराडू, गोड शेवटी. रिकाम्या पोटी गोड पडलं की रक्तातली साखर झरकन चढते. जलेबा चौघांत एक.

गराडू घेण्याआधी कढईत डोकाव. तेल काळं, चिकट दिसत असेल, फेस धरत असेल, धुरानं डोळे चुरचुरत असतील, तर पुढच्या ठेल्यावर जा. तेच तेल तापवून तापवून खराब होतं. त्यात तयार होणारी पोलर संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम 1 जुलै 2018 पासून आहे. ठेल्यावर ते कोण मोजणार, म्हणून आपले डोळे आणि नाक. आणि गाडी लांब लावा. खाऊन झाल्यावर राजवाड्याला एक फेरी चालत मारलीत की बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफेवरचे पोहे जरूर खा, वर शेव, कांदा, जिरावणचा मसाला सगळं घे. जिलबी मात्र त्या सकाळी नको, ती रात्री झाली.

भाऊबीजेला पाच घरं करशील, आणि पाचही घरी चहा. दोन चमचे साखरेचा कप धरला तर चार कपांतच जवळपास 40 ग्रॅम साखर गेली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमलं तर 25 म्हणते. फराळ अजून समोर यायचाय! चहा एकाच घरी घे, बाकीकडे पाणी माग. आग्रह मोडायची माझी युक्ती अशी की ज्या घरी जे सगळ्यांत चांगलं होतं तेवढंच मागायचं. "काकू, मला फक्त तुमचा अनारसा," म्हटलं की काकू चिवडा विसरतात. "डब्यात भरून द्या" असं चुकूनही म्हणू नकोस.

बाबांच्या शुगरच्या गोळ्यांकडे लक्ष ठेव. सण आहे म्हणून ते कधी चुकवतात, कधी जास्त गोड खाल्लं म्हणून मनानंच एक वाढवतात. दोन्ही नको, डॉक्टरांना विचारू दे.

निघताना आई तुझ्या बॅगेत पाच डबे कोंबेल, नाही म्हणून उपयोग नाही. चार ऑफिसात पहिल्याच दिवशी टेबलावर उघडून ठेव, संध्याकाळपर्यंत रिकामे होतील. अनारशाचा मात्र खोलीवरच ठेव. तिकडे कुणाला त्याची किंमत कळायची नाही.

तुझी,
रामबागेतली मावशी