तो मना कोन व्हता?

“ताई, सख्खा भाऊ गेला तवा मी इतका रडलो नाही. आन हा पोर्‍या... तो मना कोन व्हता?”

एप्रिलमधलं धुळ्याचं ऊन, माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कूलरचा खडखडाट, आणि समोर काठी मांडीवर आडवी ठेवून बसलेले नाना. (नाव बदललंय, तपशीलही इकडचे तिकडे केलेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय 63, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मागच्या पावसाळ्यात मोटरसायकल घसरून मांडीचं हाड मोडलं आणि हाडांच्या वॉर्डात पायाला वजन लावून 22 दिवस पडून राहिले. शेजारच्या खाटेवर 17 वर्षांचा एक मुलगा होता, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरचा. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे त्याच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता.

पोराची आई मजुरी बुडवून किती दिवस थांबणार? रात्री तो एकटाच असायचा. कळ आली की दात आवळून पडायचा, ओरडायचा नाही. नानांनी त्याला कंडक्टरची भाषा शिकवली: एक बेल म्हणजे गाडी थांबवा, डबल बेल म्हणजे सोडा. मग अंधारात खाटेच्या लोखंडी दांड्यावर चमचा एकदा वाजला की नाना समजायचे, कळ आली. ते हळू आवाजात थांबे म्हणायला लागायचे... नगाव, सोनगीर, नरडाणा, सावळदे, शिरपूर. कधी शिरपूरच्या आत डबल बेल व्हायची, कधी पळासनेरपर्यंत जावं लागायचं.

डिसेंबरात तो गेला. थंडीत दुखणं उसळलं, छातीत गेलं.

नानांना झोप नव्हती, आणि घरात बोलायची सोयही नव्हती. मुलगा म्हणायचा, “ना नात्याचा, ना गोत्याचा. बावीस दिवसांची ओळख!” काकू चिडायच्या, कारण नानांनी विषय काढला होता की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्याही नावाची घागर भरू. घागर आपल्या पितरांची असते, हे काकूंचं म्हणणं. त्यांचंही चुकीचं नाही.

हा प्रश्न माझ्याकडे बर्‍याचदा येतो. कुणाला डायलिसिसच्या शेजारच्या खुर्चीवरची बाई आठवते, कुणाला केमोच्या रांगेत भेटलेला पोरगा. “एवढं वाईट वाटणं बरोबर आहे का? माझं डोकं तर फिरलं नाही ना?” डोकं ठिकाणावर असतं. दवाखान्यात माणूस हुद्दा, जात, शेती, सगळं दाराशी ठेवून खाटेवर येतो. शौचाचं भांडं लागतं तेव्हा शेजारी पाठ फिरवून झोपतो, रात्री दोनला तुमचं कण्हणं ऐकतो. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनेही पाहिलं नसेल असं काही त्याने पाहिलेलं असतं. पण तो गेल्यावर घरी त्याला ओळखणारं कुणीच नसतं. दहावं नाही, दारावर कुणी बसायला येत नाही. समाजाची मान्यता न मिळालेल्या अशा दुःखाबद्दल केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये सविस्तर मांडलं. आपल्याकडे त्याला नाव नसेल, माणसं भरपूर आहेत.

तिसर्‍या भेटीत खरी गाठ सुटली. जाण्याच्या चार दिवस आधी पोराचा फोन आला होता. नाना लग्नात होते, डीजे चालू होता. “मंग बोलू,” म्हणाले आणि राहून गेलं.

अशा वेळी “तुमची काही चूक नाही” हे वाक्य जिभेवर येतंच. मी ते गिळते. लवकर दिलेली माफी माणसाला गप्प करते. आधी तो फोन त्यांना पूर्ण सांगू दिला, डीजेच्या गाण्यासकट. पुढच्या भेटीत आजाराचं बोललो: यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. थंडी, पाणी कमी पडणं, जंतुसंसर्ग यांनी ते उसळतं. फोनवर बोललं म्हणून पेशी सरळ होत नाहीत. नाना बराच वेळ काठीकडे बघत राहिले.

चार महिन्यांचं दुःख हा आजार धरायचा नसतो. सहा महिने उलटूनही जेवण, झोप, काम सावरत नसेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर तेवढंही थांबू नये. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो.

घागरीचा निवाडा मी केला नाही, तो माझा अधिकारही नाही. एवढंच विचारलं, त्याला ओळखणारं दुसरं कोण आहे? “त्याची माय,” नाना म्हणाले. आणि एक धाकटी बहीण. तिचं रक्त तपासलंय का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आई-बाप दोघेही या आजाराचे वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून त्याचा दोष अंगात बाळगून असले, तर प्रत्येक लेकराला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा ताठ बसले.

आखाजी झाली. पुढच्या भेटीला नाना आले नाहीत, म्हणून मी फोन लावला. मागे इंजिनाचा आवाज होता.

“सांगवीनी गाडीमा शे, ताई. त्यानी बहीननं रक्त तपासानं शे. मंग बोलू.”

जरा थांबून स्वतःच म्हणाले, “नाही, आताच बोला.”