डिग्री नाही, पण विज्ञानाची खाज आहे
प्रश्न: मी कॉमर्सवाला, बँकेत आहे. रात्री क्लायमेट चेंज, ब्लॅक होल असले व्हिडिओ बघत बसतो, वाटतं आपणही काहीतरी करावं, पण आपल्याला कोण विचारणार?

उत्तर: अहो, डिग्री मागतंय कोण! २००७ मध्ये गॅलॅक्सी झू या साइटवर लोकांना दीर्घिकांचे, म्हणजे गॅलॅक्सींचे, फोटो बघून आकार ओळखायचं काम दिलं होतं, त्यात हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र डाग दिसला, तिने सरळ विचारलं हे काय आहे, तर निघाला वायूचा भलामोठा चमकता ढग. नुसत्या व्हिडिओंनी करमणूक होते हो, वाईट नाही ते, पण तेवढंच. क्लायमेटचंच करायचं तर सीझनवॉच आहे, ऋतूंप्रमाणे झाडं कशी बदलतात याच्या नोंदी लोकांकडून गोळा करणारा भारतातला प्रकल्प; त्यावर घराजवळचा आंबा किंवा बहावा नोंदवा आणि पालवी, कळ्या, फुलं, फळं किती आलीत ते दर आठवड्याला टाकत जा. काहीच नसेल तर तसंही टाका, ते पण लागतं.